तुझ्या मापाचे शर्ट

प्रिय ढब्बू,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोन हाताशी असताना ताईला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली, असं तू म्हणशील. फोनवर तू हसतेस. हसून विषय बदलण्यात तुझा हात कोणी धरणार नाही, आणि मला या वेळी माझं बोलणं मध्येच न तुटता पुरं करायचं आहे. म्हणून कारखान्यात, वरच्या सँपलच्या खोलीत बसून लिहिते आहे. खाली कटिंगच्या लांब टेबलावर या हंगामाचं कापड थर लावून तयार आहे, बारीक निळ्या रेघांचं. गेला आठवडाभर ते तसंच पडून आहे. मास्तर रोज सकाळी जिन्यातून डोकं वर काढून विचारतात, लावू का कात्री, आणि मी रोज सांगते, थांबा. दुकानदारांना सांगितलं आहे की कापडच उशिरा आलं. खरं कारण तू आहेस. मागच्या पंधरवड्यात तू फिटिंगला येऊन गेलीस, मी तुझं माप घेतलं, आणि त्या मापावर माझा विश्वास नाही. टेप मी तपासून पाहिली, ती चोख आहे. तेव्हा गडबड तुझ्याकडची आहे. ती काय आहे ते कळल्याशिवाय कापडाला कात्री लागणार नाही, हे मी ठरवून टाकलं आहे.

तू म्हणशील, माझ्या एका मापावाचून तुझं एवढं काय अडलंय. स्वतःचं काम हसण्यावारी न्यायची तुझी ही जुनी सवय. गेल्या वर्षी कपड्यांच्या व्यापाराच्या एका मासिकातून एक तरुण मुलगी माझी मुलाखत घ्यायला आली होती. तिनं विचारलं, तुमच्या यशाचं रहस्य काय. मी म्हटलं, मेहनत. असल्या प्रश्नाला दुसरं काय सांगायचं असतं? तिनंही समाधानानं लिहून घेतलं. मेहनत तर आमच्या गल्लीतले सगळेच करत होते, आणि त्यातले बहुतेक आता पडदे विकतात. खरं उत्तर द्यायचं तर तुला तिच्यापुढं उभं करून म्हणावं लागलं असतं, ही माझी धाकटी बहीण, हिच्या अंगावर हा कारखाना उभा आहे. तू लाजून पळाली असतीस. म्हणून तिला सांगितलं नाही ते आता तुला सांगते. त्यातलं पुष्कळ तुला माहीत आहे, तरी ऐक.

बाबांचं बटणांचं दुकान आठवतं ना? बटणं, दोरे, अस्तरं, झिपा, आणि काचेच्या बरणीत सेफ्टी पिना. मी तेव्हा विम्याच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते आणि सुट्टीच्या दिवशी बाबांच्या गल्ल्यावर बसायचे. दुकानात सगळ्यात जास्त काय खपायचं, तर सेफ्टी पिना. नोकरीवाल्या बायका घाईघाईनं यायच्या, पुडी घ्यायच्या आणि जायच्या. बाबांना त्याचं काही नवल नव्हतं. खपतात ना, मग झालं. मला मात्र ते कोडं वाटायचं, आणि ते सुटलं कचेरीत. आमच्या खोलीतल्या झाडून सगळ्या बायका छातीवरच्या दोन बटणांच्या मध्ये आतून पिन लावायच्या. बायकांचा म्हणून बाजारात जो शर्ट मिळायचा तो पुरुषांचाच असायचा, लहान केलेला आणि बटणांची बाजू बदललेला. खुर्चीत बसलं की तिथं फट पडायची, वरच्या फायलीला हात घातला की शर्ट कंबरेतून सुटायचा. वर्षानुवर्षं सगळ्या जणी पिना लावत होत्या आणि दोष आपापल्या अंगाला देत होत्या. मी फार हुशार होते अशातला भाग नाही. पिना विकणाऱ्याच्या घरची होते, म्हणून माझं तिकडं लक्ष गेलं.

शिवणाच्या पुस्तकांत ज्या बाईची मापं छापलेली असायची, ती बाई मी आजवर कुठं पाहिलेली नाही. म्हणून मी तुला धरलं. तू तेव्हा परीक्षा देऊन घरी लोळत होतीस, अंगानं गुटगुटीत, आणि काहीतरी खायला दिलं की तासन्‌तास एका जागी उभी राहायला तयार. दुकानामागच्या अरुंद खोलीत बटणांच्या उलट्या खोक्यावर तुला उभं करून मी मांजरपाटाचे कच्चे शर्ट तुझ्या अंगावर चढवायचे, टाचण्या लावायचे, उसवायचे, पुन्हा लावायचे. टाचणी टोचली की तू घर डोक्यावर घ्यायचीस. कधीकधी टोचली नसली तरी घ्यायचीस. आईचं म्हणणं, ढब्बूच्या अंगाला बसलेला शर्ट दुसऱ्या कुणाला काय बसणार, आपली ढब्बू जगात एकच. मी बाही जोडतात तो मुंढा जरा वर उचलला, छातीवर टक्सच्या चुण्या घातल्या, बटणांमधलं अंतर बदललं. एका संध्याकाळी तू तो शर्ट घालून खाली बसलीस, पायांपर्यंत वाकलीस, मग वरच्या फळीवरचा डबा काढायला हात ताणलास, आणि कुठंही फट पडली नाही. तू डबा उघडून खायला लागलीस. मी तिथंच खोक्यावर बसून रडले. तुला ते माहीत नसेल, तुझं लक्ष डब्यात होतं.

आधी आमच्या कचेरीतल्या बायकांनी ते शर्ट घातले, मग समोरच्या बँकेतल्यांनी, मग पलीकडच्या शाळेतल्या बाईंनी. मी नोकरी सोडली तेव्हा बाबा बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. एके सकाळी उठून त्यांनी स्वतःच मागच्या खोलीतली सगळी खोकी बाहेर काढली आणि म्हणाले, मशीन ठेवायला जागा लागेल. तेवढंच. पुढं ती जागाही पुरेना, तेव्हा बंद पडलेल्या छापखान्याची ही इमारत घेतली, जिच्या भिंतींना अजून शाईचा वास येतो. मास्तर इथं आल्यावर आले. पुरुषांचे सूट शिवणारं त्यांचं दुकान बसलं होतं, आणि आता बायकांचे शर्ट कापावे लागणार म्हणून पहिलं वर्षभर त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं असायचं. पण धंद्यातली मेख त्यांनीच मला शिकवली. एकच मधलं माप खऱ्या माणसावर बसवायचं आणि बाकीची लहानमोठी मापं त्यावरून कागदावर घटवत-वाढवत न्यायची. मधलं चुकलं की सगळीच चुकतात. ते मधलं माप तू. मास्तरांनी तुला कधी नावानं हाक मारली नाही. आपल्या मीडियम कधी येणार, एवढंच विचारायचे, आणि तू आलीस की स्वतःच्या हातानं तुझी खुर्ची पुसायचे.

तेव्हापासूनचा आपला रिवाज. हंगाम सुरू व्हायच्या आधी तू यायचीस, मी दार लावायचे, तू अंगात फक्त स्लिप ठेवून लाकडी ठोकळ्यावर उभी राहायचीस. मी टेप लावायचे आणि तू आकडा माझ्याआधी ओरडून सांगायचीस, पैज लावल्यासारखा. बहुतेक वेळा हरायचीस, कारण मधल्या महिन्यांत अंग कुठंतरी थोडं हललेलं असायचंच. हरलीस की म्हणायचीस, तुझी टेपच खोटारडी आहे. त्या खोलीत आपण जेवढ्या हसलो असू तेवढी मी बाहेर कुठं हसलेली नाही. मला हसवणं ही काही सोपी गोष्ट नव्हे, हे कारखान्यातलं कोणीही तुला सांगेल.

मग तुझं लग्न झालं. तुझ्या पाठवणीला मी रडले नाही म्हणून मावशीनं मला दगड म्हटलं होतं. खरं सांगायचं तर त्या वेळी मी वेगळ्याच विवंचनेत होते. नवरा तुला फिटिंगला पाठवील की नाही, याची मला धास्ती होती. आमचे जावईबापू भले गृहस्थ, त्यांनी कधी आडकाठी केली नाही. बाळंतपणानंतर तू आलीस तेव्हा मास्तर दाराबाहेर उभे राहून आकडे ऐकत होते. त्यांचं म्हणणं, जुनं माप झकास चाललंय, तेच ठेवू, मीडियम होतील पुन्हा पहिल्यासारख्या. मी म्हटलं, नाही होणार. कंबर सोडली, दंड सैल केला, मास्तर चार दिवस घुश्शात होते. नेमक्या त्याच सुमारास आमच्या जुन्या गिऱ्हाइकांतल्या कितीतरी जणी बाळंतपणाच्या रजेवरून कामावर परतत होत्या. त्यांना वाटलं असणार, कुणीतरी आपली वाट बघत होतं. पुढंही तसंच होत गेलं. तुझे खांदे गोल झाले, तसे शर्टाचे झाले. चाळिशीनंतर तुला बसल्या जागी उकडायला लागलं, तेव्हा मी कॉलर उतरवली आणि कापड पातळ घेतलं. बाकीचे कारखानदार दर वर्षी नव्या पोरींच्या मागं धावत होते. मी तुझ्यामागून चालत राहिले, माझी गिऱ्हाइकंही आपापल्या वयानं चालत राहिली, आणि त्यांच्या मुली आयांचं बघून यायला लागल्या. लोक माझ्या दूरदृष्टीचं कौतुक करतात तेव्हा मी नुसती मान हलवते.

वाट सोडली ती एकदाच. एका मोठ्या दुकानाचा खरेदी बघणारा एक चुणचुणीत साहेब आला होता. म्हणाला, तुमचे शर्ट मावशीछाप आहेत. त्यानं एजन्सीतली एक उंच, सडपातळ मुलगी फिटिंगला पाठवली. मास्तर तर हरखूनच गेले. तिच्या अंगावर प्रत्येक शर्ट देखणा दिसायचा, आणि तिथंच घात झाला, कारण तिच्या अंगावर गोणपाटसुद्धा देखणं दिसलं असतं. हंगाम सरता सरता खोकी परत यायला लागली. ती ठेवायला जागा उरली नाही म्हणून जिन्याच्या पायऱ्यांवर रचली, वर यायचं तर अंग चोरून यावं लागायचं. अर्ध्या मशिनींवर चादरी पडल्या. माझी पाचावर धारण बसली होती, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. तू आलीस, खोक्यावर बसलीस, त्यातला एक शर्ट अंगाला लावून बघितलास आणि म्हणालीस, ताई, हा शर्ट माझ्यावर रागावलाय गं. दुसऱ्या दिवशी मी तुला परत ठोकळ्यावर उभं केलं. एका शब्दानं टोमणा मारला नाहीस, फक्त चहा दोनदा मागितलास. ती उंच मुलगी स्वभावानं गोड होती. जाताना तिनं आपल्या आईसाठी जुन्या मापाचा एक शर्ट विकत नेला.

या धंद्यानं मला एक वाईट खोड लावली आहे. कुणाच्या घरी समाचाराला गेले तरी माझी नजर आधी खांद्याच्या शिवणीवर जाते. नंतर माणूस दिसतो. समोरच्या बँकेतल्या त्या कॅशियरबाई तुला आठवतात का, नाकावर चष्मा ठेवून बोलणाऱ्या? आमच्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांतल्या. मागं एकदा त्या तणतणत कारखान्यात आल्या. म्हणाल्या, तुमचे शर्ट हल्ली ढगळ यायला लागलेत, मापात मारता की काय. मी त्यांच्यासमोर शर्ट टेबलावर पसरून मोजला. शर्ट बरोबर होता. मग त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, बाई, शर्ट ठीक आहे, तुम्ही डॉक्टरकडे जा. त्या भयंकर रागावल्या, तरातरा निघून गेल्या. पुष्कळ महिन्यांनी परत आल्या, केस बारीक कापलेले, आणि आपल्या जुन्या मापाचा शर्ट मागितला. वेळेवर कळलं म्हणून निभावलं, असं म्हणाल्या. मी शर्ट बांधून दिला. अजून येतात, अजून भांडतात. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. अंगात काही बिघडलं की कपड्याला ते आधी कळतं, आणि कपडे हेच माझं काम आहे.

आता मागच्या पंधरवड्याची गोष्ट. तू आलीस ती उशिरा. जिना चढताना मध्येच थांबलीस आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघण्याचं सोंग केलंस. ते कॅलेंडर गेल्या वर्षीचं आहे. इतकी वर्षं माझ्यासमोर बेधडक कपडे उतरवणारी तू, या वेळी पडद्याआड गेलीस. बाहेर आलीस तेव्हा अंगावर नेहमीची स्लिप, पण आत लांब बाह्यांचं, गळ्यापर्यंतचं लोकरी बनियन. बाहेर एवढं उकडत होतं की खाली मुली पंख्यासाठी भांडत होत्या, आणि तू म्हणालीस, मला थंडी वाजतेय. मी म्हटलं, काढ ते. तू म्हणालीस, घे गं आता, फार नखरे करू नकोस, मला जायचंय. मी टेप लावली. हाताला तुझं अंग लागलं नाही, नुसतं कापड लागत होतं, थरावर थर. आकडे तू नेहमीसारखे आधीच ओरडत होतीस, आणि या वेळी एकही चुकला नाही. छाती, कंबर, सगळं गेल्या हंगामाचं, जसंच्या तसं. जिंकले, म्हणून तू टाळ्या वाजवल्यास. मीही हसले. ढब्बू, इतक्या वर्षांत तुझं माप लागोपाठ दोन हंगाम सारखं आलेलं नाही. थोडं इकडंतिकडं करून आली असतीस तर कदाचित माझ्या लक्षात आलं नसतं.

मग मी कच्चा शर्ट तुझ्या अंगावर चढवला. पुढून बसला, पाठीवर बसला. बाहीचं बटण लावलं, हात सोडला, आणि कफ घसरून थेट बोटांच्या पेरांवर आला. मनगट आपण कधी मोजत नाही, कारण सगळं अंग बदललं तरी मनगट बदलत नाही, असं आपण धरून चालतो. बाकी सगळीकडे तू भर घातलीस आणि मनगट विसरलीस. तू पटकन हात मागं घेतलास आणि म्हणालीस, चहा टाक. मी चहा टाकला. तू गेल्यावर मी बराच वेळ तो शर्ट हातात घेऊन बसले होते. घरी आरशासमोर उभी राहून, मीच दिलेली टेप अंगाभोवती गुंडाळून, जुना आकडा येईपर्यंत एकावर एक कपडे चढवत असलेली तू मला दिसत होतीस. मला शेंडी लावायला निघाली होतीस, आणि ती लावता यावी म्हणून केवढी खपलीस. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही.

का केलंस, याचाही मी विचार केला. माझा हंगाम बुडू नये म्हणून असेल. आपण आहोत तशाच आहोत असं म्हणायला निदान एक खोली असावी, म्हणूनही असेल. मास्तरांना मी यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही. त्यांचा हिशेब सरळ आहे. माप तेच आहे, गेल्या हंगामाचा माल हातोहात गेला, मग घोडं अडलंय कुठं? आणि धंद्याच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर आहे. धंद्याच्या दृष्टीनं तुझं खोटंही अगदी बरोबर आहे. उद्या मी कात्री लावली तर कुणाचं काडीचं नुकसान होणार नाही, शर्ट पूर्वीसारखेच बसतील आणि पूर्वीसारखेच जातील. फक्त मी तुझं खोटं ऐकून घेतलं असं होईल, आणि ते सगळे थर उतरवायला तू घरी एकटी जाशील. ते मला जमणार नाही. तू ये, दार लावू, त्या ठोकळ्यावर नुसत्या स्लिपवर उभी राहा. जे माप येईल ते मी घेईन आणि या हंगामाचे शर्ट त्याच मापाचे निघतील. तू जशी होत गेलीस तशा बायका बाहेर नेहमीच होत्या. आत्ताही असतील, त्यांनाही सकाळी उठून कामावर जायचं असेल, आणि कफ बोटांवर ओघळू नये असं वाटत असेल. मास्तरांची समजूत मी काढीन.

पण हे पत्र मी शर्टासाठी लिहिलेलं नाही. काल जावईबापूंचा फोन आला होता. तू वाण्याच्या दुकानात गेली होतीस तेवढ्यात केला असावा. चाचरत म्हणाले, ताई, राग मानू नका, दर मंगळवारी तुम्ही तिला मदतीला बोलावता ते बरंच आहे, तिचं मन रमतं, पण घरी येते ती अगदी गळून जाऊन, जेवत नाही, तशीच झोपते. जरा कमी काम द्याल का? ढब्बू, मंगळवारी तू माझ्याकडे येत नाहीस. मी म्हटलं, हो, हल्ली कामाचा रेटा फार आहे, बघते कमी करून. त्यांच्या हृदयाचं दुखणं अजून ताजं आहे, लेक तिकडं लांब, म्हणून तू ताकास तूर लागू दिली नाहीस, हे मला समजतं. तुझं बिंग मी फोडलं नाही आणि फोडणारही नाही. पण त्यांच्यापुढं माझं नाव सांगतेस, तर मलाही बरोबर घे. तू जातेस तिथं आत बोलावण्याआधी कोणीतरी विचारत असेल, बरोबर कोण आहे, आणि तू म्हणत असशील, कोणी नाही. ते मला कालपासून सारखं ऐकू येतंय. मला फार भीती वाटते आहे, ढब्बू. काय झालंय ते सांगायचं नसेल तर सांगू नकोस, मी विचारणार नाही. येत्या मंगळवारी सकाळी मी तुमच्या कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर येऊन उभी राहते. म्हणजे ताईबरोबर होते, हे तू जावईबापूंना खरंच सांगू शकशील. कुठली बस धरायची, ते तू सांग.

तुझीच,
दर मंगळवारी मोकळी असलेली,
ताई